धुराड्याची टोपी : निवड आणि निगा

घर बांधतांना शेतकरी पाया पाहतो, आढें पाहतो, गोठा कोणत्या बाजूस घ्यावा याचा विचार करितो. परंतु स्वयंपाकघरांतील धुराचा नळ छपरावर जेथें संपतो, त्या टोंकाकडे सहसा कोणी मान वर करून पाहात नाहीं. प्रस्तुत लेखकाला महसूल खात्यांतील नोकरींत जळालेल्या घरांचे व गंजींचे पंचनामे लिहिण्याचा प्रसंग अनेक वेळां आला. आगीच्या कारणापुढें बहुधा “कारण समजूं शकलें नाहीं” हेच शब्द पडत. तथापि राखेंत उभें राहून घरधन्याशीं बोलतांना कित्येकदां बोट छपराकडे जाई : टोपी नसलेलें धुराडें, संध्याकाळचा वारा, आणि वाऱ्याच्या तोंडावर रचलेली कडब्याची गंज. जें त्या कागदावर लिहितां आलें नाहीं, तें येथें लिहीत आहें.

कोणी म्हणेल कीं, आतां घरोघरीं गॅस आला. १ मे २०१६ रोजीं सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेनें तर तो गरिबांच्या घरींही पोंचला. मग धुराड्याची चर्चा कशाला? यावर उत्तर एवढेंच कीं, प्रत्येकानें आपल्याच घरांत पाहावें. आंघोळीचें पाणी तापविणें, म्हशीसाठीं सरकी व भरडा शिजविणें, सणावाराला वीस माणसांच्या भाकरी भाजणें, हीं कामें अद्यापि पुष्कळ ठिकाणीं लांकूड, पऱ्हाटी, तुराटी व गोवरी यांवरच होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें घरांतील अशा धुरामुळें २०२० या एका वर्षांत जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं. चूल आहे तोंवर धुराडें पाहिजे, आणि धुराडें आहे तोंवर त्याच्या टोपीची काळजी पाहिजे.

टोपीची कल्पना आपल्याकडे नवी नाहीं. माळवदाच्या घरांत धूर जाण्यास व उजेड येण्यास छताला भोंक ठेवीत, आणि पाऊस आला म्हणजे कोणी तरी वर चढून त्यावर मडकें पालथें घाली. पुढें १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाच्या वर्धा येथील मगनवाडींतून नळाची ‘मगन चूल’ प्रचारांत आली. त्यानंतर १९८० च्या दशकांत सुरू होऊन २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमांत सिमेंटपत्र्याचे तीन इंची नळ व त्यांवरील टोप्या खेडोपाडीं गेल्या. त्यांपैकीं कित्येक आजही छपरांवर उभ्या आहेत. काहींच्या टोप्या मात्र केव्हांच उडून गेल्या.

टोपीचें काम

तापलेली हवा हलकी असते, म्हणून ती नळांतून वर चढते व आपल्या मागें चुलीच्या तोंडांतून ताजी हवा ओढून घेते. नळ जितका उंच व आंतील धूर जितका उष्ण, तितकी ओढ अधिक. पावसानें नळ भिजून गार झाला, वाऱ्याचा झोत उलट आंत शिरला, अथवा वाट अरुंद झाली, कीं ही ओढ मंदावते आणि धूर घरांत परततो. यास्तव टोपीचीं कामें चार आहेत : पाऊस अडविणें, उलटा वारा मोडणें, पक्षी व पालापाचोळा बाहेर ठेवणें, आणि ठिणगी छपरावर वा गंजीवर जाऊं न देणें. परंतु पांचवी अट या चारांहून मोठी आहे : हें सर्व करतांना धुराची वाट तिनें अडवूं नये.

ही अट मोडली म्हणजे काय होतें याचें एक उदाहरण सांगतों. एका अतिवृष्टीच्या वर्षीं पंचनाम्यांच्या कामावर असतां एका घरीं जावें लागलें. रात्रीं पावसाचे थेंब चुलींत पडूं लागले, म्हणून घरच्या मुलानें छपरावर चढून धुराड्यावर घमेलें पालथें घातलें व तें उडूं नये म्हणून वर दगड ठेविला. चुलींत निखारे तसेच होते. गारठ्यामुळें दारें-खिडक्या बंद, आणि चुलीपाशीं आजी व नात निजलेल्या. सकाळीं दोघीही बेशुद्ध सांपडल्या. नात वांचली; आजी वांचली नाहीं. घरांत धूर मुळींच नव्हता, असें तो मुलगा पुनःपुन्हां सांगत होता, आणि तें खोटें नव्हतें. लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, व तो डोळ्यांना झोंबतही नाहीं. धूर दिसत नाहीं म्हणून भय नाहीं, असें कोणीं समजूं नये. त्या मुलाची चूक निष्काळजीपणाची नव्हती. योग्य टोपी असती तर त्याला घमेलें शोधावें लागलें नसतें.

माप कसें घ्यावें

टोपी घेण्यापूर्वीं नळाचें माप घ्यावें. नळाभोंवतीं दोरा गुंडाळून त्याची लांबी मोजावी, तिला सातानें गुणून बावीसानें भागावें, म्हणजे रुंदी, अर्थात् व्यास, निघतो. दोरा साडेबारा इंच भरला तर नळ चार इंची समजावा. हें बाहेरचें माप असल्यामुळें जाड मातीच्या नळाची दुहेरी जाडी त्यांतून वजा करावी.

नळाचा वरचा काठ व टोपीची खालची कड यांमध्यें जी मोकळी उंची राहते, तींतूनच सर्व धूर बाहेर पडतो. ही उंची व्यासाच्या चौथ्या हिश्श्याइतकी असली तर बाजूची वाट नळाच्या तोंडाएवढीच होते. चार इंची नळाचें तोंड सुमारें साडेबारा चौरस इंच. त्यावर एक इंच उंचीची वाट ठेविली तरी तीही साडेबाराच. परंतु जाळी व काजळी यांनीं त्यांतील पुष्कळ वाट खाल्ली जाते. म्हणून उंची व्यासाच्या निम्मी ठेवावी. तीन इंची नळास दीड इंच, चार इंचीस दोन, सहा इंचीस तीन. यामुळें वाट दुप्पट मिळते, आणि निम्मी बुजली तरी धूर कोंडत नाहीं.

टोपीची रुंदी पावसाच्या तिरपेपणावर ठरते. जेवढी मोकळी उंची, निदान तेवढाच टोपीचा कांठ नळाच्या चोहों बाजूंनीं बाहेर यावा. चार इंची नळास दोन इंच उंची ठेविली तर टोपी आठ इंच रुंद पाहिजे. कोंकणांत व घाटमाथ्यावर पाऊस आडवा झोडपतो, तेथें दहा इंच बरी.

हा हिशेब मीं स्वतः ठेंच लागल्यावर शिकलों. सेवानिवृत्तीनंतर घरच्या नळावर बाजारांतील एक सुबक टोपी आणून बसविली. तिची उंची पाऊण इंचही नव्हती, आणि किडा-मुंगी जाऊं नये म्हणून मीं वर डांसांची बारीक जाळी गुंडाळली. दोन महिन्यांत स्वयंपाकघर काळें झालें. मी लांकडांना दोष देत राहिलों. शेवटीं एके दिवशीं घरांतून उत्तर आलें, “अहो, लांकडें गेल्या वर्षींचीं वाळलेलीं आहेत, ओली कांहीं असेल तर ती तुमची अक्कल. वर चढून पाहा तरी.” चढून पाहिलें तों जाळीचें एकही भोंक उघडें नव्हतें. सारांश, जाळी बसवावी ती अर्ध्या इंच भोंकाची. एवढ्या जाळींतून मोठी ठिणगी जात नाहीं, आणि चिमणींत चिमणीला घरटेंही करतां येत नाहीं.

कोणती टोपी घ्यावी

(१) भाजलेल्या मातीची : कुंभाराकडून बाजूस चार मोठ्या खिडक्या ठेवून करून घ्यावी. ती गंजत नाहीं, म्हणून समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत विशेष उपयोगी. दोष एवढाच कीं, माकडें व नारळ यांपुढें तिचा टिकाव लागत नाहीं.

(२) जस्ती पत्र्याची, शंकूच्या आकाराची : स्वस्त, हलकी, व गांवचा पत्रेकारागीर ती सहज करून देतो. पत्रा २२ किंवा २४ गेजचा असावा. धुरांतील आम्ल व ओल यांमुळें ती आंतून गंजते. म्हणून दरवर्षीं तपासावी.

(३) स्टेनलेस स्टीलची : किंमत अधिक, पण आयुष्यही अधिक. ज्यांची चूल रोज दोन्ही वेळां पेटते त्यांना हीच अखेरीस परवडते.

(४) ‘टी’ आकाराचा नळ : उभ्या नळावर आडवा नळ बसवून त्याचीं दोन्ही तोंडें उघडीं ठेवितात. जेथें वारा दिशा बदलतो, तेथें हा बरा; मात्र दोन्ही तोंडांना जाळी हवी.

दोन गोष्टी टाळाव्या. जुनें ऍल्युमिनियमचें पातेलें टोपी म्हणून बसवूं नये. ही धातु ६६० अंश सेल्सिअसला वितळते, आणि नळांतील काजळी पेटली तर उष्णता त्याहून वर जाऊं शकते. दुसरें, जुन्या ऍस्बेस्टॉस सिमेंटच्या नळास व टोपीस करवत किंवा कानस लावूं नये. तिची धूळ फुप्फुसांत गेल्यास कर्करोगासारखे असाध्य विकार होतात. ती फुटली असेल तर पाणी मारून, न तोडतां, अखंड उतरवावी.

गुऱ्हाळाच्या चुलवाणाला मात्र हा हिशेब लावूं नये. तेथील धुराडें मोठें व भडका प्रचंड. तेथें रक्षण टोपीनें होत नसून चिपाडाचा ढीग वाऱ्याच्या दिशेपासून दूर ठेवण्यानें होतें.

जागा व बसवणूक

उत्तम टोपीही बुटक्या नळावर व्यर्थ आहे. छपरांतून बाहेर आल्यावर नळ निदान तीन फूट वर असावा, आणि दहा फुटांच्या आंत आढें, भिंत अथवा दुसरें छप्पर असल्यास त्याहून दोन फूट उंच असावा. आपल्याकडे पावसाळ्यांत वारा पश्चिमेकडून येतो. आढें दक्षिणोत्तर असून नळ पूर्वेच्या उतारावर असेल, तर आढ्यावरून उतरणारा वारा नेमका त्यावर पडतो. अशा ठिकाणीं उंचींत कसूर करूं नये.

टोपीला तीन पाय असावेत व ते पट्टी आणि बोल्टनें नळास आंवळावेत. सिमेंटनें ती कायमची चिकटवूं नये. जी टोपी काढतां येत नाहीं ती साफ होत नाहीं. उंच नळास तिन्ही बाजूंनीं तारेचे ताण द्यावेत.

निगा

वर्षांतून तीन तपासण्या पुरेशा आहेत. पहिली मृगापूर्वीं : टोपी हलते काय, पत्र्यास भोंक पडलें काय, नळ व छप्पर यांच्या सांध्यांतून पाणी येईल काय, हें पाहावें. दुसरी दिवाळीच्या साफसफाईंत : पावसाळ्यांत दमट सरपण जळाल्यामुळें नळांत डांबरासारखा चिकट थर जमतो, तो या वेळीं काढावा. तिसरी कडब्याची गंज रचण्यापूर्वीं : या वेळीं जाळी विशेष पाहावी. एक तारही तुटली असेल तर ती बदलावी. सहा महिन्यांची वैरण त्या एका तारेवर अवलंबून असते. शिवाय पावसाळ्यांत महिन्यांतून एकदां खालून नजर टाकण्यास कांहीं खर्च नाहीं.

साफ करण्याची रीत अशी. आदल्या रात्रीपासून चूल बंद ठेवावी. नाकातोंडास फडकें बांधावें. टोपी उतरवून, दोरीच्या टोंकास दगड व त्यावर काथ्याचा जुडगा बांधून तो नळांतून वरखालीं फिरवावा. जाळी तारेच्या ब्रशनें घासावी. ती चुलींत टाकून भाजूं नये, कारण जस्ताचा थर जळून तिचा धूर अपायकारक होतो व जाळी लवकर गंजते. छपरावर एकट्यानें चढूं नये, शिडी धरण्यास खालीं माणूस असावें, आणि ओल्या कौलांवर तर मुळींच चढूं नये.

चूल पेटवितांच धूर तोंडावाटे येणें, ज्योत पिवळी व आळशी होणें, नळाच्या सांध्यांतून काळें पाणी ओघळणें, हीं सर्व वाट बुजल्याचीं चिन्हें होत. घरांतील माणसांस चुलीपाशीं डोकें दुखणें, घेरी किंवा मळमळ येणें हें लक्षण सर्वांत गंभीर. अशा वेळीं माणसांस तत्काळ उघड्यावर आणावें, विस्तव बाहेर काढावा, व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

नळांतून घोंघावल्यासारखा आवाज येऊन वर ज्वाळा दिसल्या, तर काजळी पेटली असें समजावें. प्रथम सर्वांस व जनावरांस बाहेर काढावें, नंतर १०१ क्रमांकास कळवावें. जवळ जाणें सुरक्षित असेल तरच चुलीवर राख वा माती टाकून तिचें तोंड झांकावें. तापलेल्या नळांत पाणी ओतूं नये. त्यानें नळ तडकतो व आग छपरांत शिरते. पाणी मारावें तें छपरावर व गंजीवर.

असो. धुराड्याच्या टोपीचा खर्च एका चांगल्या विळ्या-खुरप्यांच्या जोडीहून फारसा अधिक नाहीं, आणि तिची निगा वर्षांतून तीन सकाळींची. वाचकांनीं हा अंक खालीं ठेवितांच अंगणांत जाऊन आपल्या धुराड्याकडे एकवार मान वर करून पाहावें. टोपी नसेल तर ती करवून घ्यावी. असेल तर ती श्वास घेते आहे कीं नाहीं, हें चुलीपाशीं बसणाऱ्या बाईस विचारावें. तें तिला आपल्याआधीं ठाऊक असतें.