जुना गेम का उघडत नाही?

जुन्या सीडीवरचा गेम नव्या संगणकावर डबल क्लिक करूनही सुरू झाला नाही, की फाइल खराब झाली असं समजून अनेक जण ती पुसून टाकतात. कृपा करून पुसू नका. फाइल बहुधा धडधाकट असते.

पहिली दोन अक्षरं

गेमची एक्झी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सुरुवातीलाच 'एमझेड' दिसेल. ही मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधल्या अभियंत्याची आद्याक्षरं. डॉसच्या काळातली ही खूण आजच्या विंडोजच्या एक्झीतही टिकून आहे. तिच्यामागे डॉसचा एक चिमुकला प्रोग्रॅम असतो. फाइल डॉसवर चालवली, तर 'हा प्रोग्रॅम डॉसमध्ये चालणार नाही' एवढं सांगून तो थांबतो.

विंडोजच्या फाइलचं खरं हेडर (फाइलची ओळख सांगणारा भाग) पुढे असतं. तिथे 'एनई' असेल तर गेम १६ बिटांच्या विंडोजचा, 'पीई' असेल तर १९९३च्या विंडोज एनटीपासून रूढ झालेल्या रचनेचा. पुढे असं काहीच नसेल, तर गेम बहुधा निव्वळ डॉसचा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आणि 'डेंजरस डेव्ह' त्यातलेच.

६४ बिटांची अडचण

३२ बिटांची विंडोज प्रोसेसरच्या 'व्हर्च्युअल ८०८६' सोयीवर डॉसचे प्रोग्रॅम चालवायची. नव्या संगणकांवर होतं तसा प्रोसेसर ६४ बिटांच्या मोडमध्ये गेला की ती सोय मिळत नाही. 'एनई'चं दुखणं वेगळं. तसा कोड प्रोसेसर अजून चालवू शकतो. १६ बिटांचा आधार ६४ बिटांच्या विंडोजनेच काढून टाकला. म्हणूनच ६४ बिटांच्या लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं 'वाइन' असे गेम चालवू शकतं.

सर्वांत जीवाला लागणारा प्रकार १९९०च्या दशकाअखेरच्या सीडींचा. गेम ३२ बिटांचा, आजही चालू शकेल असा. पण त्याचा इन्स्टॉलर १६ बिटांचा. दारच उघडत नाही.

उपाय

डॉसच्या गेमसाठी 'डॉसबॉक्स' घ्या. तो प्रोसेसर, साउंड ब्लास्टर कार्ड, सगळं जुनं यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतो. वेगही कमी करता येतो, नाहीतर काही गेम इतके सुसाट पळतात की खेळताच येत नाहीत. विंडोजवर 'एनई' फाइलींसाठी 'वाइनव्हीडीएम' आहे.

पण सोर्स कोड जपलेला असेल, तर त्यासारखं दुसरं काही नाही. ख्रिस पिरिह यांचा 'स्कीफ्री' १९९१चा, १६ बिटांचा. त्यांना जुना सोर्स कोड सापडला आणि २००५मध्ये त्यांनी तो ३२ बिटांसाठी नव्याने कंपाइल केला. त्यातला यती आज ६४ बिटांच्या विंडोजवरही स्कीवाल्याच्या मागे धावतो.