उचलणाऱ्याची जबाबदारी

वाचकहो, कुस्तीचा विषय आरोग्याच्या पाक्षिकात, तोही ज्येष्ठांच्या आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांच्या वाचनासाठी कशाला, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. आखाडा हा तरुणांचा. आपला संबंध फार तर जुन्या आठवणींचा. परंतु या खेळात असा एक नियम आहे, जो आपल्या घरातील पलंगाशी, न्हाणीघराशी आणि जिन्याच्या पायरीशी थेट नाते सांगतो. तो समजून घेतला, की महाविद्यालयीन वयात मुलांनी कुस्ती का खेळावी आणि त्यातून घडलेल्या बळाचा विनियोग कसा व्हावा, हेही उमगते.

अमेरिकेतील महाविद्यालयांत कुस्तीची एक स्वतंत्र शैली रूढ आहे. त्या शैलीत प्रतिस्पर्ध्याला उचलून जमिनीपासून वर घेण्याची पूर्ण मुभा आहे. मात्र ज्याने उचलले, त्याच्यावरच प्रतिस्पर्ध्याला सुखरूप मॅटवर परत आणण्याची जबाबदारी असते. वर उचलून निष्कारण जोराने आपटणे हा तेथे दोष ठरतो आणि त्याचा गुण समोरच्याला मिळतो. अशा आपटण्याने तो जायबंदी होऊन पुढे खेळूच शकला नाही, तर विजय त्यालाच दिला जातो. डाव कितीही देखणा असो, दुसऱ्याचे शरीर हाती असताना जो बेफिकीर राहिला, तो हरला. अठरा-वीस वर्षांच्या, अंगात रग असलेल्या मुलाला ही गोष्ट दररोजच्या सरावात शिकावी लागते.

जोडीदाराचे शरीर

आपल्या तालमीत हा नियम लिहिलेला नसला, तरी त्याचा अर्थ परका नाही. तेल, ताक, हळद आणि लिंबू घालून मुरवलेली हौद्यातील लाल माती आधी खणून भुसभुशीत करायची, ती पडणाऱ्याला लागू नये म्हणूनच. मैदानातील कुस्ती घटकाभराची. सराव मात्र वर्षानुवर्षांचा, आणि तो एकट्याने होत नाही. ज्याच्या अंगावर आपण डाव शिकतो, तो सोबती जायबंदी झाला, तर उद्याचा सरावही बुडाला. म्हणून चांगला वस्ताद ताकद वाढवण्याइतकेच ताकद आवरण्याचेही शिक्षण देतो. सलामी देऊन भिडणे, हरल्यावर हात मिळवणे, वयाने लहान सोबत्याशी खेळताना अंग राखून खेळणे, या सवयी त्याच शिक्षणाचा भाग होत.

खेळाने चारित्र्य आपोआप घडते, असे मात्र समजू नये. दंडात बळ आले म्हणून मनात विवेक येतोच असे नाही. चारित्र्य घडते ते नियमाने, तो पाळून घेणाऱ्या गुरूने आणि त्या बळाकडून काही अपेक्षा बाळगणाऱ्या समाजाने. याचे उत्तम उदाहरण शोधण्यासाठी आपल्याला कोल्हापूरच्या पलीकडे जाण्याची गरज नाही.

राजाराम महाविद्यालयाचा विद्यार्थी

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर या खेड्यात 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबा जाधव यांचा जन्म झाला. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. शाहू महाराजांनी ज्या नगरीला खासबागेसारखे भव्य मैदान दिले, त्या नगरीत मल्लांची वाण नव्हती. चणीने लहान अशा या विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत खेळू देण्यास क्रीडाशिक्षक राजी नव्हते. खाशाबा थेट प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांकडे गेले, प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या मुलाने आपल्याहून धिप्पाड गड्यांना एकामागून एक चीत केले, अशी हकिकत सांगितली जाते.

1948 च्या लंडन ऑलिंपिकला जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मातीत वाढलेल्या खाशाबांना मॅट आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवे होते; तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा पुन्हा पैशांचा प्रश्न उभा राहिला. गावाने वर्गणी जमवली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपल्या विद्यार्थ्यासाठी राहते घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. 1952 मध्ये खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कऱ्हाडपासून गावापर्यंत शेकडो बैलगाड्यांची मिरवणूक निघाली.

या कथेचा आपल्या दृष्टीने मोलाचा भाग मिरवणुकीनंतरचा आहे. खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि त्यातून आलेला पैसा प्राचार्यांचे गहाण पडलेले घर सोडवण्यासाठी दिला. ज्या गुरूने आपल्याला उचलले, त्याला सुखरूप जमिनीवर आणणे हे शिष्याने आपले काम मानले. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आज बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांचे नाव आहे. पण त्यांचे खरे स्मारक एका विद्यार्थ्याच्या या वर्तनात आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

समाजाने मात्र हाच नियम खाशाबांच्या बाबतीत पाळला का? 1955 मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले आणि साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पुढची वर्षे मात्र ओढगस्तीची गेली. निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी अपघाताने त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. ज्याला आपण खांद्यावर घेऊन नाचलो, त्याच्या उतारवयाकडे पाहायला आपल्याला सवड झाली नाही. ज्येष्ठांच्या घराघरांत, लहान प्रमाणात का होईना, हीच कथा पुन्हा घडत असते. ज्यांनी सर्वांना उभे केले, त्यांना आधार देण्याची वेळ आली, की हात मोजके उरतात.

घरातला आखाडा

आता आपल्या घराकडे वळू. वृद्ध माणूस घरात पडतो, तेव्हा घाबरलेले नातेवाईक प्रथम त्याचा हात धरून ओढतात. हेतू चांगला, पण डाव चुकीचा. उचलणाऱ्याच्या जबाबदारीचा पहिला अर्थ असा, की उचलावे की नाही हे आधी ठरवावे.

पडलेल्या व्यक्तीला काही क्षण तसेच राहू द्या आणि शांतपणे विचारा, कोठे दुखते? डोक्याला मार लागला असेल, शुद्ध हरपली असेल, मान, पाठ किंवा खुब्यात तीव्र वेदना असतील, एक पाय आखूड किंवा बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, छातीत दुखत असेल, बोलणे अडखळत असेल, तर उचलण्याचा प्रयत्न करू नका. पांघरूण घाला, सोबत बसा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. रक्त पातळ ठेवणारी औषधे घेणाऱ्याच्या डोक्याला मार लागला असेल, तर वरवर ठीक वाटले तरी डॉक्टरांना त्वरित दाखवणे आवश्यक आहे.

यांपैकी काहीच नसेल, तर त्यांना स्वतःच्या बळाने उठू द्या. आपण फक्त साथ द्या. प्रथम कुशीवर वळवा. मग कोपरावर भार देत रांगण्याच्या स्थितीत येऊ द्या. समोर न हलणारी भक्कम खुर्ची ठेवा. दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर टेकवून, अधिक बळकट पाय पुढे रोवून त्यांनी उठावे. तोवर मागे दुसरी खुर्ची सरकवून ठेवावी, म्हणजे लगेच बसता येते. घाई नको. दम लागला, तर मध्येच विसावा घेऊ द्या. आणि पडण्याचे कारण पुढच्या भेटीत डॉक्टरांना अवश्य विचारा.

शुश्रूषा करणाऱ्यांनी पैलवानाचा पवित्रा लक्षात ठेवावा. पाय खांद्यांइतके फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, पाठ सरळ, आणि समोरची व्यक्ती शक्य तितकी जवळ. भार मांड्यांनी पेलायचा, कमरेने नव्हे. वळायचे झाल्यास धड न पिळता पावले वळवावीत. काखेत हात घालून किंवा दंड धरून ओढू नये. वृद्धांच्या खांद्याला त्याने इजा होते. कमरेभोवती बांधण्याचा रुंद पट्टा मिळतो. तो धरून आधार देण्याची पद्धत फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावी. व्यक्ती वजनदार असेल, तर एकट्याने उचलण्याचा हट्ट करू नये.

ज्येष्ठ वाचकहो, आपल्यासाठीही थोडा व्यायाम आहे. बैठकांचा काळ सरला असेल, पण खुर्चीची उठबस आपल्याला जमेल. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून, शक्य असल्यास हातांचा आधार न घेता, सावकाश उठावे आणि तितक्याच सावकाश बसावे. प्रारंभी पाच वेळा पुरे. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून काही क्षण एका पायावर उभे राहावे, मग दुसऱ्या. सांधे बदलले असतील, चक्कर येत असेल किंवा हृदयविकार असेल, तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मांड्यांतील बळ आणि तोल टिकला, तर पडण्याचा धोका कमी होतो.

बळाची मर्यादा

कुस्तीने एक कठोर धडाही दिला आहे. 1997 च्या नोव्हेंबर आणि डिसेंबर महिन्यांत, जेमतेम पाच आठवड्यांच्या आत, अमेरिकेतील तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवण्याच्या प्रयत्नात मृत्युमुखी पडले. खालच्या वजनगटात बसण्यासाठी पाणी तोडणे आणि घाम गाळून शरीर शुष्क करणे, याला तोवर जिद्द म्हटले जात होते. त्यानंतर नियम बदलले. घाम काढण्यासाठीचे रबरी पोशाख आणि तापवलेल्या खोल्या यांवर बंदी आली. शरीरात पुरेसे पाणी आहे ना, याची तपासणी करून प्रत्येक मल्लाचे किमान वजन ठरवले जाऊ लागले.

घरात नातू किंवा नात कुस्ती खेळत असेल, तर वजनासाठी पाणी तोडले जात नाही ना, याकडे आजी-आजोबांनी लक्ष द्यावे. आणि जी सून, जो मुलगा, जी लेक अहोरात्र सेवा करते, तिच्या किंवा त्याच्या बाबतीतही हाच विचार करावा. जेवण टाळून, झोप मोडून, पाठदुखी लपवून केलेली सेवा ही त्याच चुकीच्या जिद्दीची बहीण आहे. सरावाइतकीच विश्रांती हा पैलवानाच्या दिनक्रमाचा भाग असतो. शुश्रूषा करणाऱ्यालाही आठवड्यातून काही तास हक्काने सुटी मिळाली पाहिजे.

हात कोठून येतील?

मग ते काही तास कोण देणार? येथे महाविद्यालयीन तरुणांचा विचार करावा. राष्ट्रीय सेवा योजना 1969 पासून आपल्या महाविद्यालयांत आहे. तिच्यातील विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास समाजसेवेला द्यायचे असतात. कोल्हापुरात तालीम ही केवळ व्यायामाची जागा राहिलेली नाही. ती त्या पेठेची संस्था आहे, गणेशोत्सवापासून फुटबॉलच्या संघापर्यंत तिचा पसारा आहे. आपल्या गावातही व्यायामशाळा, कबड्डीचा संघ, महाविद्यालयाचा जिमखाना असेल. या मुलांच्या अंगात बळ आहे; ते आपल्या गल्लीत कोणाच्या उपयोगी पडेल, हे पुष्कळदा त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ते आपण सांगावे. जिमखान्याच्या शिक्षकांना किंवा सेवा योजनेच्या प्राध्यापकांना भेटून चार गोष्टी मागाव्यात. आठवड्यातून एकदा दोन तास सोबत बसणे, फिरायला नेणे, दवाखान्यात जाता-येता जिन्यावर आधार देणे आणि पडलेल्या व्यक्तीला उठवण्याची रीत फिजिओथेरपिस्टकडून एकत्र शिकून घेणे. ओळख पटवून, प्राध्यापकांच्या माहितीने आणि ठरलेल्या वेळी मुले यावीत, म्हणजे सुरक्षिततेचीही काळजी घेतली जाईल. अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठी 14567 ही राष्ट्रीय हेल्पलाइनही उपलब्ध आहे. तो क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दूरध्वनीजवळ लावून ठेवावा.

मदत मागताना संकोच वाटतो, हे खरे. आयुष्यभर दुसऱ्यांना हात दिलेल्या माणसाला स्वतः हात पुढे करणे जड जाते. पण आपल्याला उठवताना एखादा तरुण ताकद आवरायला शिकतो, दुसऱ्याच्या गतीने चालायला शिकतो. वस्ताद जे शिकवतो, तेच आपणही त्याला शिकवत असता. त्या नात्यात आपण घेणारे आहात तसे देणारेही आहात. तेव्हा या पंधरवड्यात एवढेच करावे. घरातील एक भक्कम खुर्ची निवडून ठेवावी, पडल्यावर उठण्याची रीत घरातील सर्वांनी एकदा करून पाहावी, आणि शेजारच्या एखाद्या खेळाडू मुलाला किंवा मुलीला नावाने हाक मारून घरी बोलवावे.