प्रत्येक ताप डेंग्यूचा नसतो

पावसाळा सरत आला की नाशिकमध्ये ताप आलेल्या माणसाच्या घरी पहिला प्रश्न ठरलेला: प्लेटलेट किती? आकडा घसरला की डेंग्यू नक्की समजायचा आणि पपईची पाने शोधायची. पण प्लेटलेट मलेरियात, लेप्टोत आणि स्क्रब टायफसमध्येही घसरतात.

यातला स्क्रब टायफस सर्वांत जास्त निसटतो. २०१८ मध्ये विदर्भात त्याची साथ आली होती. गवतातल्या, झुडपांतल्या बारीक किड्यांच्या अळ्या चावल्याने तो होतो. चावल्याचे कळत नाही. पुढे तिथे विडीचा चटका बसावा तशी काळी खपली धरते. ती दुखत नाही, आणि जागा अडचणीची: काख, जांघ, कंबर, स्तनांखाली. रुग्ण लाजून दाखवत नाही, डॉक्टर घाईत पाहत नाहीत. खपली प्रत्येकाला नसते, पण दिसली तर निदान जवळपास झालेच. डॉक्सिसायक्लिन या स्वस्त गोळीने बहुतेकांचा ताप दोन-तीन दिवसांत उतरतो. सर्रास दिली जाणारी सेफ्ट्रिॲक्झोनची इंजेक्शने इथे निरुपयोगी.

इगतपुरी, पेठ, सुरगाण्याच्या रुग्णांनी भाताच्या आवणीला चिखलात उभे राहिल्याचे, गवत कापल्याचे आपणहून सांगावे. पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील तर लेप्टोची शंका घ्यावी लागते.

डेंग्यूचे वेगळेच. त्यावर नेमके औषध नाही, आणि खरा धोका ताप उतरताना, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी. तेव्हा पोटात जोरात दुखले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आले किंवा ग्लानी आली, तर प्लेटलेटच्या रिपोर्टची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.