शेवाळ खाणारे मासे निवडताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

फिश टँकची काच हिरवट दिसू लागली की ‘काच साफ करणारा मासा’ आणायचा, ही आपल्याकडची रीतच झाली आहे. पण तोही एक जीवच आहे. त्याला जागा लागते, सोबत लागते आणि खाणं लागतं. म्हणून तो घरी आणण्यापूर्वी काही समजुती तपासून घ्यायला हव्यात.

गैरसमज : प्रत्येक टँकमध्ये एक सकर हवाच.

वस्तुस्थिती : दुकानात बोटाएवढा दिसणारा सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला. पूर्ण वाढल्यावर तो ४० सेंमीच्याही पुढे जातो. नेहमीचा दोन फुटी टँक जेमतेम ३० सेंमी रुंद असतो. त्यात या माशाला धड वळताही येत नाही. ‘मासा टँकच्या मापानेच वाढतो’ हेही खरं नाही. कोंडलेल्या जागेत आणि खराब पाण्यात त्याची वाढ खुंटते, ते त्याचे हाल असतात. शिवाय वय वाढेल तसा तो शेवाळाकडे पाठ फिरवून इतर माशांच्या दाण्यांवर ताव मारतो. त्याची विष्ठा भरपूर असते आणि तिचं खत शेवाळालाच मिळतं. रात्री गोल्डफिशसारख्या संथ माशाला चिकटून तो त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर खरवडतो, तेव्हा जखमा होतात. याच कुळातला ब्रिसलनोज १२ ते १५ सेंमीवर थांबतो आणि शेवाळही इमानेइतबारे खातो. मध्यम टँकसाठी तो कितीतरी चांगला. टँकमध्ये लाकडाचा एखादा ओंडका मात्र ठेवावा.

गैरसमज : सकर मोठा झाला की तलावात सोडावा, त्याला जीवदान मिळतं.

वस्तुस्थिती : असं करणं स्थानिक माशांच्या जिवावर उठतं. उजनीच्या जलाशयात आणि कोलकात्याच्या पाणथळ भागात सकर पसरला आहे आणि मच्छीमार त्रासले आहेत. त्याच्या टणक, काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला भाव नाही. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो वर येऊन हवा गिळतो, त्यामुळे खराब पाण्यातही तगतो. विणीसाठी नर काठात बिळं कोरतात, त्यामुळे काठ ढासळतात. सांभाळणं जमत नसेल तर सकर दुकानात परत द्यावा किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला द्यावा. नदी, तलाव, विहीर यांत तो कधीही सोडू नये.

गैरसमज : शेवाळ सगळं सारखंच, कुठलाही मासा ते खातो.

वस्तुस्थिती : नव्या टँकमध्ये दिसणारा तपकिरी थर डायटमचा असतो. तो ओटोसिंक्लस हा छोटा मासा आणि नेराइट गोगलगाय आवडीने खातात. केसांसारखे हिरवे धागे अमानो कोळंबी फस्त करते. जपानी छायाचित्रकार आणि अ‍ॅक्वेरियम-रचनाकार ताकाशी अमानो यांनी तिला लोकप्रिय केलं. पानांच्या कडांना धरणारे काळे झुपके फार थोडे प्राणी खातात. त्यांत सयामीज अल्गी ईटर पहिला. पाणीच हिरवं झालं असेल तर मासा उपयोगाचा नाही, कारण ते शेवाळ पाण्यात तरंगतं. आणि निळसर-हिरवा, वास मारणारा बुळबुळीत थर हे शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया आहेत, त्यांना सहसा कुणी तोंड लावत नाही.

गैरसमज : ‘अल्गी ईटर’ नावाने मिळणारे सगळे मासे एकच.

वस्तुस्थिती : इथेच सर्वांत जास्त फसगत होते. चायनीज अल्गी ईटर, विशेषतः त्याची सोनेरी जात, दुकानात सहज मिळते. लहानपणी तो गुणी वाटतो, मोठेपणी भांडखोर होतो आणि इतर माशांच्या अंगाला चिकटतो. खरा सयामीज ओळखायचा तर अंगावरची काळी पट्टी बघावी. ती नाकापासून थेट शेपटीच्या परांच्या टोकापर्यंत जाते. चायनीजचं तोंड खाली चकतीसारखं असतं आणि तो काचेला घट्ट चिकटून बसतो. सयामीज तसा चिकटत नाही.

गैरसमज : शेवाळ खाणाऱ्यांना वेगळं खाणं द्यावं लागत नाही.

वस्तुस्थिती : यामुळे कितीतरी ओटोसिंक्लस उपाशी मरतात. हा ४ सेंमीचा मासा सहा-आठच्या गटात राहतो आणि जुन्या, स्थिरावलेल्या टँकमध्येच तगतो. विकत घेताना काचेला चिकटलेल्या माशाचं पोट खालून नीट बघावं. गोल भरलेलं असेल तरच घ्यावा, खपाटीला गेलेलं असेल तर नाही. घरी आणल्यावर अल्गी वेफर, काकडीची चकती किंवा वाफवलेला पालक द्यावा आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी काढून टाकावं.

गैरसमज : गोगलगाय आणली की टँकभर पिल्लं होतात.

वस्तुस्थिती : काही जातींबाबत हे खरं आहे, नेराइटबाबत नाही. ती काचेवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी अंडी घालते, पण तिची पिल्लं गोड्या पाण्यात वाढत नाहीत. अमानो कोळंबीचंही तेच. दोघींना तांबं मात्र घातक. म्हणून माशांचं औषध टाकण्यापूर्वी त्याचे घटक वाचावेत.

गैरसमज : शेवाळ खाणारा मासा आणला की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : शेवाळ वाढतं ते जास्त उजेडाने आणि पाण्यात साचलेल्या खताने. दिवा रोज ६ ते ८ तासच लावावा, टँक खिडकीच्या उन्हात ठेवू नये, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाणं टाकावं आणि आठवड्याला पाव भाग पाणी बदलावं. एवढं पाळलं की उरलेलं थोडं शेवाळ हे प्राणी आनंदाने खातात. टँकच्या मापाला आणि शेवाळाच्या जातीला जुळेल असाच जीव निवडावा, आणि तसा कुणी जुळत नसेल तर काच स्वतः पुसावी.