खेळ, धडा आणि जुनी कॅसेट (लेखांक ६)

शिक्षणासाठी म्हणून वापरले जाणारे व्हिडिओ गेम ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिल्यात गणित सोडवले की बक्षीस म्हणून थोडा खेळ मिळतो. तिथे धडा वेगळा आणि खेळ वेगळा. दुसऱ्यात खेळाचा नियम हाच धडा असतो. २००० साली सुरू झालेल्या ‘जीकॉम्प्री’ या मोफत संचात असा एक खेळ आहे. कालव्यातली नाव दोन दारांमधल्या हौदातून पलीकडे न्यायची असते. झडप उघडून दोन्हीकडचे पाणी एका पातळीवर आणल्याशिवाय दार उघडत नाही. मूल दोनदा चुकते, तिसऱ्यांदा आधी झडपेकडे वळते.

कामातून शिकण्याचा हा विचार वर्धा जिल्ह्यात जुना आहे. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकीर हुसेन समितीने हस्तोद्योगावर आधारलेला अभ्यासक्रम आखला. टकळीवरचे सूत मोजताना गणित येई. व्हिडिओ गेमवरचा मुख्य आक्षेपही इथूनच निघतो: टकळीवर हाताला सूत लागते, पडद्यावर काहीच लागत नाही. समर्थकांचे उत्तर असे की पडद्यावर चुकायला कापूस वाया जात नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत. म्हणून गेम प्रयोगाच्या आधी किंवा नंतर वापरावा, प्रयोगाऐवजी नव्हे.

दुसरा प्रश्न किमतीचा. १९९०च्या दशकात निंटेंडोच्या ‘फॅमिकॉम’ (१९८३) या यंत्राच्या नकला भारतात ‘टीव्ही गेम’ म्हणून विकल्या जात. प्लास्टिकची कॅसेट चालली नाही की पिनांवर फुंकर मारायची. कंटाळा आला की मित्राशी अदलाबदल करायची. मागच्या वर्षीची पाठ्यपुस्तके अर्ध्या किमतीत घेण्यासारखाच हा व्यवहार होता. जुन्या मालाच्या विक्रीतून निर्मात्याला मात्र काही मिळत नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स वन’ या गेमयंत्रासाठी जुन्या डिस्कच्या वापरावर बंधने जाहीर केली आणि ग्राहक संतापल्यावर त्याच वर्षी जूनमध्ये मागे घेतली.

डाउनलोड केलेल्या गेममध्ये पुन्हा विकायला वस्तूच उरत नाही. पैसे मोजून मिळतो तो खात्याला जोडलेला वापराचा परवाना. ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानातले गेम पुन्हा विकू द्यावेत, असा निकाल पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये दिला, २०२२ मध्ये अपिलात तो फिरला.

वर्धा जिल्ह्यातल्या, नागपूर-हैदराबाद महामार्गावरच्या जामसारख्या गावातल्या शाळेला याचा अर्थ सरळ आहे. विकत घेतलेला डाउनलोड पुढच्या शाळेला देता येत नाही. ‘जीकॉम्प्री’सारख्या मुक्त परवान्याच्या संचाची प्रत मात्र पेन ड्राइव्हवर घालून जामहून समुद्रपूरला नेली, तर तो कायद्याने मान्य असलेला व्यवहार आहे.