सततच्या टेन्शनमुळं वाटा, जागा का विसरायला होतं? उंदरांच्या मेंदूत सापडलेलं उत्तर

अमरावतीच्या राजकमल चौकात गाडी लावली, खरेदी उरकली आणि गाडी नेमकी कुठं लावली तेच आठवेना. एखाद्या वेळी असं कुणाचंही होतं. पण डोक्यावर कित्येक महिने कर्जाचं, पिकाचं किंवा परीक्षेचं टेन्शन असेल, तर मेंदूच्या आतही काही बदलत असतं का?

याचं उत्तर शोधायला शास्त्रज्ञांना उंदरांची मदत झाली.

मेंदूतला नकाशा

मेंदूत खोलवर 'हिप्पोकॅम्पस' नावाचा भाग असतो. जागा आणि वाटा लक्षात ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. उंदीर ठरावीक जागी पोचला की या भागातल्या ठरावीक पेशी जाग्या होतात, हे जॉन ओकीफ यांनी १९७१ साली दाखवलं. २०१४ चं नोबेल पारितोषिक मिळालेल्यांमध्ये ते होते.

ही स्मरणशक्ती तपासायची कशी? रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ साली एक सोपी युक्ती मांडली. गढूळ पाण्याच्या गोल टाक्यात एक छोटा ओटा बुडवून ठेवायचा. उंदीर पोहत राहतो आणि खोलीतल्या खुणा बघून ओट्याची जागा लक्षात ठेवतो. ज्याची स्मरणशक्ती बिघडली, तो नुसताच पोहत राहतो.

रिसेप्टर काय करतात?

ताण आला की शरीरात एक हार्मोन वाढतं. माणसात ते कॉर्टिसॉल, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. पेशीवर परिणाम करायचा तर हार्मोनला एखादं 'कुलूप' लागतं, तेच रिसेप्टर. हिप्पोकॅम्पसमध्ये या हार्मोनसाठीची कुलपं आहेत, हे ब्रूस मॅकइवेन यांच्या १९६८ च्या संशोधनातून पुढं आलं.

थोड्या वेळचा ताण उपयोगाचा असतो. तो सावध करतो आणि काम झालं की हेच रिसेप्टर हार्मोनला ब्रेक लावायला मदत करतात. ताण आठवडेच्या आठवडे चालला, की हा ब्रेक ढिला पडतो. ग्लुटामेट हे रसायन आणि त्याचे 'एनएमडीए' रिसेप्टरही गरजेपेक्षा जास्त कामाला लागतात. मग पेशींच्या फांद्या आखडतात. १९९५ च्या एका प्रयोगात औषधानं एनएमडीए रिसेप्टर अडवले, तेव्हा ताण असूनही फांद्या आखडल्या नाहीत.

बंगळुरूचा प्रयोग

बंगळुरूच्या एनसीबीएस संस्थेत सुमंत्र चटर्जी यांच्या गटानं उंदरांना रोज २ तास, असं १० दिवस जखडून ठेवलं. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. हिप्पोकॅम्पसमधल्या फांद्या आखडल्या होत्या, पण भीतीशी जोडलेल्या 'अमिग्डाला' भागातल्या फांद्या उलट वाढल्या होत्या.

नंतर उंदरांना २१ दिवस आराम दिला. हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डाला मात्र तसाच राहिला. म्हणजे वाट पुन्हा लक्षात राहू शकते, धसका लवकर जात नाही.

वऱ्हाडात हे का महत्त्वाचं?

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, आणि जखडून ठेवणं म्हणजे कर्ज नव्हे. त्यामुळं हे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लावता येत नाहीत. पण ताण किती दिवस चालतो, हा मुद्दा दोन्हीकडं येतोच. अकोला-अमरावतीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा ताण १० दिवसांचा नसतो. पाऊस लांबला की दुबार पेरणी, मग कापसाचा भाव, मग बँकेचा हप्ता. आरामाचे २१ दिवस मिळणार कधी?

म्हणून मदत वेळेत पोचणं मोलाचं ठरतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' हा मानसिक आरोग्याचा कार्यक्रम राबवला गेला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली 'लॅन्सेट सायकियाट्री'मध्ये ते छापून आलं. राज्य सरकारनंही २०१५ साली अकोला आणि अमरावतीसह १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला.

समुपदेशनानं कर्ज फिटत नाही, हे खरंच. पण सतत विसरायला होत असेल, झोप उडाली असेल, तर त्याला वेंधळेपणा म्हणून सोडून देऊ नका. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, १४४१६ या नंबरवर, मोफत बोलता येतं.