किती तोळ्यांचं?

काजूच्या धंद्यामुळे आयव्हरी कोस्टला माझ्या चार-पाच खेपा झाल्या. आपल्या बेळगाव-चंदगड पट्ट्यातल्या कारखान्यांना इथली काजूबी पुरत नाही, कच्चा माल आफ्रिकेतून आणावा लागतो. त्यासाठी मी बुआके शहराकडे जातो. हा बाउले लोकांचा मुलूख.

एका खेपेला आमच्या व्यापाऱ्याचे मामा वारले. ‘आलाच आहात तर चला’ म्हणून तो मला गावी घेऊन गेला. मामांचा देह भारी वस्त्रांवर ठेवलेला आणि भोवती सगळं लखलखीत सोनं! चवरीची मूठ, हातातली काठी, तलवारीची मूठ, चपलांवरची नक्षी. काठीच्या टोकाला एक छोटा हत्ती, तोही सोन्याचा. दुःखाच्या घरात विचारू नये ते मी विचारलं, “हे किती तोळ्यांचं असेल?”

तो रागावला नाही. हळूच म्हणाला, “आत लाकूड आहे.”

मी चाटच पडलो. नंतर त्याने समजावलं. कारागीर आधी लाकूड कोरतो, त्यावर बारीक रेघांची नक्षी काढतो. मग सोनं ठोकून वर्खासारखं पातळ करायचं, लाकडावर चिकटवायचं आणि घासत राहायचं. खालची प्रत्येक रेघ वर उमटते. मिठाईवरचा चांदीचा वर्ख आठवा, तसंच. हत्तीसारख्या प्राण्यांमागे बहुधा एखादी म्हण असते. ती गावकऱ्यांना ठाऊक असते, म्हणून काठी न बोलताही बोलते.

सोनं त्यांना नवं नाही. एके काळी तिकडे सोन्याची भुकटी हेच चलन होतं. ती तोलायला पितळेची इवलीशी वजनं असत, मेणाचा साचा करून ओतलेली: कुठे मासा, कुठे पक्षी, कुठे नुसती नक्षी. बाउले हे मूळचे आजच्या घानातल्या आशांती लोकांचे भाऊबंद. अठराव्या शतकात गादीच्या भांडणातून राणी पोकू आपली माणसं घेऊन पश्चिमेला निघाली. वाटेत कोमोए नदी दुथडी भरलेली. नदीने वाट द्यावी म्हणून राणीने पोटचं मूल अर्पण केलं, अशी कथा सांगतात. ‘बाउले’ या नावाचा अर्थही ते ‘मूल गेलं’ असाच लावतात. ऐकताना अंगावर काटा आला.

घराण्याच्या या ठेव्याला ते ‘आजा’ म्हणतात. (आपल्याकडे आजा म्हणजे आजोबा, मला तर हे नाव फारच पटलं!) तो कुणा एकाचा नसतो. मामाकडून भाच्याकडे, असा बहुधा आईकडच्या नात्याने जातो, आणि ज्याच्याकडे येतो तो फक्त राखणदार. विकला तर घरावर अरिष्ट येतं असं मानतात. आता राखणदारी आमच्या व्यापाऱ्याकडे येणार होती. त्याचा चेहरा वारसाहक्क मिळालेल्या माणसाचा नव्हता, ओझं उचललेल्याचा होता.

सगळं आटोपल्यावर एकेक वस्तू कापडात गुंडाळून पेटीत गेली. “आता परत कधी काढणार?” मी विचारलं.

“घरात कुणी मोठं गेलं की.”

परतीच्या विमानात मला आमचं घर आठवत राहिलं. आई गेली, तेराव्यानंतर आम्ही तिघं भावंडं सराफाच्या पेढीवर बसलो. पाटल्यांचं वजन झालं. बोरमाळ आईला तिच्या आईने दिलेली, ती आजीच्या सासूची. तिचे तीन सारखे भाग होईनात, म्हणून आक्काच म्हणाली, “तोडा.” कुणीच नको म्हटलं नाही, मीही नाही. सराफाने सर कापला तेव्हा मणी काचेवर टपटप पडले. तेही आतून लाखेचेच होते.

माझ्या वाट्याला अकरा आले. डबीत आहेत. परवा आक्काला फोन करून विचारलं, तुझे आहेत का अजून? बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, “दिवाळीला येशील तेव्हा घेऊन ये.”